मुरमाच्या उतारावर माळरान: अवघड सार्वजनिक जागेत देशी गवतं आणि रानफुलं कशी रुजवायची

पहार दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायची आणि सरळ खाली सोडायची. जमीन कशी आहे हे कळायला याहून सोपी परीक्षा नाही. नांगरलेल्या रानात ती वीतभर रुतते. आमच्या उतारावर ती ठण्णकन वाजली आणि माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. चार पावलं खाली सरकून पुन्हा सोडली, तर तिथे ती एकदम हातभर आत गेली. खाली माती नव्हतीच. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असं सगळं दडपलेलं होतं.

पुण्याच्या पश्चिमेला एका टेकडीचा पायथा कापून रस्ता काढला, तेव्हा हा उतार तयार झाला. जागा साधारण 12 गुंठे. वर पाण्याच्या टाकीची भिंत, खाली फुटपाथ आणि बसथांबा. निम्म्या भागात उघडा मुरूम, उरलेल्यात रात्री आणून टाकलेला राडारोडा, आणि त्यावर गाजर गवत, घाणेरी, सुबाभळीची रोपटी. याआधी इथे दोनदा सुशोभीकरण झालं होतं. पहिल्या वेळी लाल माती पसरून लॉन लावलं. त्यातली निम्मी माती पहिल्याच मोठ्या पावसात गटारात गेली आणि उन्हाळ्यात टँकर थांबल्यावर लॉनही गेलं. दुसऱ्या वेळी खड्डे खणून झाडं लावली, त्यातलं एक जगलं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आसपासच्या काही जणांना सोबत घेऊन चार वर्षांपूर्वी या उतारावर देशी गवतांचं आणि रानफुलांचं माळरान करायला घेतलं. आता लोक थांबून विचारतात, आमच्या सोसायटीमागे अशी जागा आहे, कालव्याच्या कडेला अशी पट्टी आहे, तिथे जमेल का? जमतं. पण बागेची सवय झालेल्या हातांना त्यासाठी काही गोष्टी नेमक्या उलट कराव्या लागतात.

आधी 'पडीक' हा शब्द सोडायचा

महाराष्ट्रात माळ म्हटलं की ओसाड, उजाड, काही न पिकणारी जागा डोळ्यांसमोर येते. सरकारी नकाशांतही गवताळ जमिनींचा मोठा भाग पडीक म्हणूनच दाखवला जातो. त्यामागे एक समज आहे, की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं ते तोडलं आणि उरलं ते गवत. सगळीकडे हे खरं नाही. 2025 मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकगीतांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातली विरळ झाडांची माळरानं किमान साडेसातशे वर्षं तरी जुनी आहेत, असं त्यांच्या अभ्यासातून दिसतं. म्हणजे संतांच्या काळातही हा माळ माळच होता.

हे समजलं की जागेकडे बघायची नजर बदलते. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने कोरडे. टेकड्यांवर मातीचा थर बोटभर ते वीतभर, आणि खाली काळा पाषाण. या हिशेबात बसणारी वनस्पती म्हणजे गवत. पावसाच्या चार महिन्यांत ते वाढतं, फुलतं, बी टाकतं. मग वरचा भाग वाळवून मुळांपाशी जीव धरून बसतं. वाळलेलं गवत मेलेलं नसतं. हे वाक्य मी त्या बसथांब्यावर शंभरदा तरी बोलले असेन.

माती सुधारायची नाही

जागा खराब दिसली की पहिला सल्ला मिळतो तो चांगली माती आणून टाका, शेणखत घाला. भाजीपाल्यासाठी तो योग्यच आहे. माळरानासाठी तो घातक आहे, आणि याचं कारण जरा सावकाश सांगायला हवं.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे 1856 साली एका गवताळ कुरणाचे तुकडे पाडून प्रयोग सुरू झाला. काही तुकड्यांना दरवर्षी वेगवेगळी खतं द्यायची, काहींना काहीच द्यायचं नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांना खत मिळालं नाही तिथे चाळीसच्या आसपास प्रकारच्या वनस्पती टिकून आहेत. ज्यांना अमोनियाचं खत भरपूर मिळालं आणि चुना मिळाला नाही, तिथे माती आंबट होत गेली आणि दोन-तीनच प्रकार उरले. आंबटपणा हे एक कारण, पण खताचा स्वतःचा वाटाही मोठा. सुपीक जमिनीत जे गवत सगळ्यात जोरानं वाढतं ते उंच होतं, सावली धरतं आणि बुटक्या, हळू वाढणाऱ्या फुलझाडांना उजेडच मिळू देत नाही. भुकेल्या जमिनीत कुणालाच इतकं बळ येत नाही, म्हणून सगळ्यांना जागा मिळते.

साताऱ्याजवळचं कास पठार हे याचं आपल्या घरचं उदाहरण. साधारण 1,200 मीटर उंचीवर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ, त्यावर मातीचा नावापुरता थर. तिथे मोठं झाड तगत नाही, म्हणूनच सप्टेंबरात तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशी फुलांची चादर पसरते. पश्चिम घाटाच्या ज्या जागांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. तिथे कुणी ट्रकभर लाल माती ओतली तर ते पठार संपेल.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. विकत आणलेल्या मातीतून आणि कच्च्या शेणखतातून तणाचं बी येतं, विशेषतः गाजर गवताचं. हे मूळचं अमेरिका खंडातलं तण भारतात ठळकपणे नजरेत आलं ते पुण्यातच, 1950 च्या दशकाच्या मध्यात. एकेका झाडाला हजारो बिया लागतात आणि उकरलेली, खत घातलेली मोकळी जमीन म्हणजे त्याला आमंत्रणच.

तेव्हा आम्ही बाहेरून माती आणली नाही. राडारोड्यातलं प्लास्टिक, गोण्या, रंगाचे डबे, प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे वेचून काढले. विटांचे आणि दगडाचे तुकडे तसेच ठेवले, त्यांच्या फटींत ओल राहते आणि मुळं शिरतात. सिमेंट जास्त असलेले भाग शोधायला एक घरगुती युक्ती आहे. चमचाभर माती वाटीत घ्यायची आणि वर लिंबू पिळायचं. फसफसलं तर चुना भरपूर आहे. आपल्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असली तरी ती थोडी फसफसते, म्हणून शेजारच्या अस्पर्श टेकडीवरची माती घेऊन दोन्ही वाट्या शेजारी ठेवून बघायच्या. आमच्या उताराच्या एका कोपऱ्यात इतका फेस आला की तिथला वरचा फूटभर थर काढून टाकावा लागला.

दडपलेला मुरूम मात्र मोकळा करावाच लागतो, नाहीतर पाणी वरच्यावर वाहून जातं. हे काम कोरड्यात करायचं, एप्रिल-मेमध्ये, आणि नेहमी उताराला आडवं. उभ्या रेघा मारल्या तर त्याच पावसात ओघळी होतात. सम पातळी धरायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. आम्ही त्या नळीनं दर दोन-अडीच मीटरवर आडव्या रेषा आखल्या, पहारीनं मुरूम सैल केला आणि तिथेच निघालेल्या दगडांची गुडघ्याखालची बुटकी ओळ लावली. खणणं एवढंच. जिथे उतार फार तीव्र होता तिथे काथ्याची जाळी अंथरली. तिच्या छिद्रांतून गवत वर आलं आणि जाळी तिथेच कुजत गेली.

खडकाशी जुळवून घेण्याचं याहून मोठं काम बघायचं असेल तर जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी जावं. तिथल्या राव जोधा उद्यानात, साधारण 70 हेक्टर खडकाळ जमिनीवर, प्रदीप कृषन यांच्या मार्गदर्शनाखाली 2006 पासून वाळवंटातली मूळ झाडंझुडपं परत आणली गेली. तिथला शत्रू होता वेडी बाभूळ, बाहेरून आणलेलं आणि सगळीकडे पसरलेलं काटेरी झाड. वरून तोडली की ती पुन्हा फुटते, आणि मुळं तर खडकाच्या भेगांत खोल गेलेली. शेवटी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या खाणकामगारांना बोलावलं गेलं. हातोडीच्या आवाजावरून खडक कुठे नरम आहे हे ते ओळखत. त्यांनी छिन्नीनं मुळं काढली आणि तयार झालेल्या त्याच खोबणींत देशी रोपं लावली गेली. खत-मातीची गाडी मागवण्याआधी मला ही गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते.

काय लावायचं ते शेजारची टेकडी सांगते

कासची यादी घेऊन पुण्यात यायचं नाही. कासला पुण्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस, आठवडेच्या आठवडे धुकं. तिथलं रोप आमच्या तापलेल्या उतारावर ऑक्टोबरही बघणार नाही. आपल्या जागेपासून चालत जाता येईल अशी, फारशी न बिघडलेली टेकडी शोधायची आणि तिथे वर्षभर, निदान पावसाळाभर, दर पंधरा दिवसांनी जायचं. उताराचं तोंड कोणत्या दिशेला, माती किती, सावली किती हे जुळणारे कोपरे पाहायचे आणि तिथे काय उगवतं ते वहीत लिहायचं.

गवतांवरून जमिनीची तब्येतही कळते. चराई आणि वणवा बेताचा असेल तिथे पवन्या दिसतो. त्रास वाढला की पवन्या मागे हटतो आणि कुसळी पसरते. त्याहून जास्त ओरबाडलेल्या जागी कुसळीही विरळ होऊन अगदी बारीक, जनावरंही तोंड न लावणारी गवतं राहतात. जुन्या गुराख्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असतं. एका आजोबांनी मला टेकडीवर एका ठिकाणी उभं करून सांगितलं होतं, "बाई, हितं पवन्या हाय म्हंजी हितं कुणी आग लावली न्हाई." मी नंतर विचारपूस केली. खरंच त्या बाजूला बऱ्याच वर्षांत वणवा गेला नव्हता.

आमच्या रानाचा कणा म्हणजे चार गवतं: पवन्या, कुसळी, मारवेल आणि डोंगरी गवत. कण्याचं काम जमीन धरून ठेवण्याचं आणि तणाला मोकळी जागा न देण्याचं. फुलं त्यांच्या मधल्या फटींत. आभाळी आणि विष्णुक्रांता अगदी जमिनीलगत, जिथे मुरूम उघडा आहे तिथे. कवला, उन्हाळी आणि खुळखुळा हे शेंगवर्गीय. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात, त्यामुळे उपाशी जमिनीतही ते तरारतात. रानतीळ पहिल्याच वर्षी फुलतो, म्हणून सुरुवातीला तो थोडा जास्त. तेरडा फक्त खालच्या दमट कडेला. तेरड्याचा रंग तीन दिवस हे खरं असलं तरी झाडं इतकी असतात की पाळीपाळीनं महिनाभर कडेला रंग राहतो. भुईगेंद, सहदेवी आणि फोडशी आम्ही लावलीच. फोडशी ओळखून कुणी भाजीला चार पानं खुडली तर मला आनंदच होतो.

उन्हाळ्याचं काय? जानेवारीपासून उतार पिवळसर तपकिरी असतो. तेव्हा कामी येते धायटी. खडकाळ उतारावर आपोआप वाढणारं हे झुडूप ऐन कोरड्यात लालभडक फुलांनी लगडतं आणि शिंजीर पक्षी त्यावर घिरट्या घालतात. सात-आठ धायट्या आम्ही वरच्या भिंतीलगत लावल्या. पूर्ण उतारात झुडपं म्हणाल तर तेवढीच.

कोणतं झाड कुठे नको हेही आधीच ठरवावं लागतं. रस्त्याच्या वळणावर, जिथे गाडीवाल्याला पलीकडचं दिसायला हवं, तिथे गुडघ्याच्या वर जाणारं काही नको. फुटपाथलगत कुसळी नको, तिची कुसळं कपड्यांत आणि कुत्र्यांच्या पंजांत घुसतात. कळलावी कितीही सुंदर असली तरी तिचा कंद विषारी आहे, लहान मुलं जिथे बसची वाट पाहतात तिथे ती लावायची नाही.

आणि बाजारात 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून मिळणारी पाकिटं उघडूसुद्धा नका. त्यांत बहुतेकदा कॉसमॉस, गॅलार्डिया, झिनिया असतात, सगळी अमेरिका खंडातली. पिवळा-केशरी कॉसमॉस तर पुण्याच्या टेकड्यांवर इतका पसरला आहे की पावसाळ्याच्या शेवटी तो पाहायला लोक फोटो काढत जातात आणि त्याच्याखाली आपली बुटकी रानफुलं गुदमरलेली असतात. मला ते केशरी उतार बघवत नाहीत.

बी

देशी रानगवताचं बी दुकानात सहज मिळत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलच्या जाती तयार केल्या आहेत आणि झाशीला गवत व चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, पण तिथला भर चाऱ्यावर असतो. चाऱ्यासाठी निवडलेली जात जोमदार असते, आणि आपल्याला जोम नको आहे. त्यामुळे बी गोळा करणं आलंच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जवळपासच्या खाजगी किंवा गावच्या माळावर, मालकाला विचारून. राखीव जंगलातून आणि कासासारख्या संरक्षित जागेतून एक दाणाही उचलायचा नाही. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींना तर कुठेच हात लावायचा नाही. एका ताटव्यातलं थोडंच घ्यायचं, बाकी तिथल्या पुढच्या वर्षासाठी. तेरड्याचं बी धरणं अवघड, कारण पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते फुटून बी उडतं. त्यावर आम्ही मलमलीच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि बोंडं हिरवी असतानाच फांद्यांवर बांधल्या.

कुसळीचं बी मात्र प्रत्येकानं एकदा हातात घेऊन बघावं. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले सोनेरी केस, आणि मागे बोटभर लांब, दोरीसारखी पीळ पडलेली काळसर शेपटी. ते तळहातावर ठेवायचं आणि शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडायचा. क्षणभर काही होत नाही. मग शेपटी हलते, पीळ उलगडू लागतो आणि बी स्वतःभोवती फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा उलट पीळ घेतं. जमिनीवर पडलेलं बी दवानं भिजतं, उन्हात वाळतं, आणि दरवेळी थोडं थोडं गिरमिटासारखं आत शिरतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. जे कुसळ मोज्यात टोचतं म्हणून आपण चिडतो, ते कठीण मुरमात स्वतःची पेरणी स्वतः करायचं यंत्र आहे. उतारावर पेरायला याहून योग्य बी कोणतं असणार?

बी कागदी किंवा कापडी पिशवीत, कोरड्या जागी, पुढच्या जूनपर्यंत ठेवायचं. ताज्या कुसळीला झोप असते, काही महिने ती उगवतच नाही, त्यामुळे ही वाट पाहणं वाया जात नाही.

पेरणीच्या बाबतीत शेतकरी जे करतात तेच. पहिला पाऊस झाला की लगेच पेरायचं नाही. आधी तण उगवू द्यायचं. आठ-दहा दिवसांनी ते दोन पानांवर आलं की खुरप्यानं वरच्यावर काढायचं, जमीन खोल हलवायची नाही, नाहीतर खालचं तणाचं बी वर येतं. मग वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली की, पेरायचं. गवताचं बी हलकं, वाऱ्यावर उडतं आणि मुंग्या ते ओढून नेतात. म्हणून बारीक माती आणि थोडं शेण कालवून त्यात घोळवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या. एवढं शेण चालतं. चौरस मीटरला चिमटीभर बी पुरतं. हात सैल सोडला तर गवत दाट होतं आणि फुलांना जागा उरत नाही. पेरल्यावर माती ओढायची नाही, फक्त पायानं दाबत जायचं. उघड्यावर पडलेलं बी पाहून लोकांना चुटपुट लागते, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

पहिल्या वर्षी ते रान बघण्यासारखं नसतं. आमच्याकडे जुलैत सगळीकडे हिरवं झालं, आणि जवळून पाहिलं तर त्यातलं निम्मं तण होतं. गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटायचं, त्यानं अंगाला खाज सुटते आणि काहींना दम्याचा त्रास होतो. बाकीचं उंच तण वीतभर उंचीवर छाटायचं, म्हणजे खालच्या कोवळ्या गवताला ऊन मिळतं. ऑगस्टमध्ये पावसानं तीन आठवडे दडी मारली तेव्हा एक टँकर मागवून हलकं शिंपण केलं. पाणी घातलं ते तेवढंच. त्यानंतर आजतागायत नाही.

माणसांसाठी आखणी

झाडांपेक्षा अवघड भाग हा. दुसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, मी सकाळी गेले तर उतार भादरलेला होता. फुलायला आलेला कवला, रानतीळ, पोटरीत आलेला, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात असलेला पवन्या, सगळं ब्रश कटरनं जमिनीलगत कापून ढीग करून ठेवलं होतं. स्वातंत्र्यदिनाआधी परिसर स्वच्छ करायचा आदेश होता. मी तिथेच फुटपाथवर बसले. मुकादम जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, आम्हाला सांगितलं गवत काढा, आम्ही काढलं. हे लावलेलं आहे हे कुठं लिहिलंय?"

त्यांचं बरोबर होतं. लिहिलेलं कुठेच नव्हतं. अमेरिकेतल्या लँडस्केप अभ्यासक जोन नॅसॉअर यांनी 1995 मध्ये हेच मांडलं होतं: निसर्गाला चांगली असणारी जागा लोकांना बेवारस वाटते, म्हणून तिच्याभोवती कुणीतरी काळजी घेत असल्याच्या खुणा ठेवाव्या लागतात. मला हे वाचून माहीत होतं आणि तरी मी ते केलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही फुटपाथलगत मीटरभर रुंद पट्टी कायम घोट्याएवढी कापलेली ठेवू लागलो, तिथे हरळी आणि मारवेल. पट्टीच्या आत दगडांची ओळ, पांढरा चुना मारलेली. बसथांब्याजवळ एक फलक, त्यावर मराठीत फक्त दोन गोष्टी: हे मुद्दाम लावलेलं देशी माळरान आहे, आणि गवत डिसेंबरमध्ये कापलं जाईल. टाकीवर जाणारी माणसं जिथून चढत होती ती पायवाट आम्ही बुजवली नाही, उलट रुंद करून दगड बसवले. लोक जिथून चालतात तिथे गवत टिकत नाही, हे मान्य केलं की भांडण संपतं.

कापलेल्या पट्टीचे आणखी दोन उपयोग आहेत. साप. गवत म्हटलं की ही भीती निघते, आणि ती खोटी नाही. पाय टाकायची जागा स्वच्छ दिसत असेल तर माणसंही निर्धास्त आणि सापही. संध्याकाळी एकटीनं बसची वाट पाहणाऱ्या बायकांनी मला सांगितलं की थांब्यामागे कमरेएवढं गवत नको. म्हणून तिथे पट्टी तीन मीटर केली. दुसरा उपयोग वणव्याचा. आग पुढे सरकू नये म्हणून जंगल खातं डोंगरावर गवत काढून मोकळी जाळरेषा ठेवतं, तसंच हे. विझली नाही अशी एक विडी वाळल्या गवताला पुरते. डिसेंबरनंतर ही पट्टी झाडून काढतो.

आणि मुकादमांना आम्ही सोबत घेतलं. त्यांच्या माणसांसाठी एक कागद केला, त्यावर फोटो: हे उपटा, हे ठेवा, हे कधी कापा. गाजर गवत, घाणेरी, सुबाभूळ, कॉसमॉस एका बाजूला, चार गवतं दुसऱ्या बाजूला. कामाच्या करारात दर पंधरा दिवसांनी गवत कापणे असं होतं, ते बदलून वर्षातून एकदा कापणी आणि पावसाळ्यात चार वेळा तण काढणे असं करून घ्यायला आठ महिने आणि पुष्कळ अर्ज लागले. तुम्ही असं काही करणार असाल तर बी गोळा करण्याआधी हा करार हातात घ्या.

कापणीचं वेळापत्रक साधं आहे. बी गळून गेल्यावर, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. कापलेलं गवत तिथेच ठेवायचं नाही, उचलायचं. ते कुजलं तर जमीन पुन्हा सुपीक होत जाते, आणि वाळलं तर आगीला सरपण. आमचं गवत जवळच्या एका गोठ्यात जातं. एकाच वेळी सगळा उतार कापायचा नाही, एक तृतीयांश दरवर्षी पाळीनं राखायचा. वाळल्या काड्यांत किड्यांची अंडी आणि कोष असतात, मुनिया उरलंसुरलं बी टिपतात आणि त्यातल्याच काड्या घरट्याला नेतात.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी सातला मुकादमांचा फोन आला. मी झोपेतच उचलला. "मॅडम, पवन्याचं बी गळलंय. मुठीत धरून बघितलं, हातात नुसतं काड राहिलं. कुसळीला अजून आठ दिवस लागतील. वरनं सुरू करू का खालनं?" मी म्हटलं, वरून करा, पण धायटीकडची बाजू यंदा राखायची आहे. "ते आहे ध्यानात," ते म्हणाले. "तिकडं काल मुनियांचा थवा उतरला होता."